बुडापेस्टमध्ये एकटीने एक दिवस: नदी सोडू नका

त्या बुधवारी माझी मुलगी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत तिच्या परिषदेत अडकलेली होती आणि गुरुवारी दुपारी आमचं परतीचं विमान होतं. म्हणजे हंगेरीची ही राजधानी, बुडापेस्ट, बघायला माझ्या हातात एकच दिवस होता, तोही एकटीचा. माझं वय छप्पन्न, भाषेचा एक शब्द येत नाही, शहर आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलेलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे डोळ्यांना बघायची सवय आहे, पण अनोळखी शहरात एकटीने फिरायची नव्हती. तो दिवस मला इतका छान गेला की तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आदल्या रात्री मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, तिकीट काढून आत जायचं ठिकाण दिवसभरात एकच. दोन, डॅन्यूब नदीपासून फार लांब जायचं नाही. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पश्चिमेला बुडा, टेकड्यांचं. पूर्वेला पेस्ट, सपाट. ही दोन वेगळी गावं होती. १८७३ मध्ये ती आणि त्यांच्या शेजारचं ओबुडा एक झाली आणि आजचं शहर तयार झालं. एकट्या माणसाला हा भूगोल फार सोयीचा आहे. मान वर करून टेकडी कुठे आहे ते बघितलं की पश्चिम कळते, आणि चुकलंच तर उताराने किंवा ट्रामच्या रुळांनी पुन्हा नदीवर येता येतं. मी दिवसभरात नकाशा पाच-सहा वेळाच उघडला असेन.

निघण्याआधी

पैसे फोरिंटमध्ये लागतात, युरोमध्ये नाही. काही दुकानदार युरो घेतात, पण भाव त्यांच्या मनाचा असतो. रोकड काढायची तर बँकेच्या भिंतीतल्या यंत्रातून काढा, पर्यटकांच्या वाटेवर एकट्या उभ्या असलेल्या यंत्रातून नको. आणि यंत्र किंवा कार्डाचं मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम दाखवू का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, फोरिंटच निवडा. होय म्हटलं की त्यांचा महागडा दर लागतो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. तरी शंभर आणि दोनशे फोरिंटची थोडी नाणी खिशात ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहात लागतात. एकटं असताना ही नाणी नोटांपेक्षा मोलाची, कारण सुटे मागायला शेजारी कुणी नसतं.

प्रवासाचं तिकीट २४ तासांचं काढा. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यात चालतं. सगळ्यात साध्या तिकिटावर ट्राममधून बसमध्ये बदलता येत नाही, शिवाय प्रत्येक वेळी ते यंत्रात टोचून घ्यावं लागतं. तपासनीस असतात आणि दंड जागेवरच होतो. पण माझं खरं कारण वेगळं आहे. आदल्या संध्याकाळी मी पिवळ्या मेट्रोचं साधं तिकीट टोचलं, खाली उतरले आणि कळलं की उलट्या दिशेच्या फलाटावर आले आहे. या मार्गावर दोन्ही दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि खालून पलीकडे जाता येत नाही. परत वर, रस्ता ओलांडून दुसरीकडे, दुसरं तिकीट. २४ तासांचं असलं की चूक फुकटात सुधारते आणि एकटा माणूस चुका करणारच, त्याला सावध करायला सोबत कुणी नाही. मी सकाळी सात चाळीसला तिकीट सुरू केलं. ती वेळ लक्षात ठेवा, शेवटी तिचा उपयोग आहे.

हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून घ्या. फोन बंद पडला तर तो कागद पिवळ्या टॅक्सीवाल्याला दाखवता येतो. मुलीला मी सकाळीच चार ठिकाणं आणि अंदाजे वेळा कळवल्या आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर एका शब्दाचा निरोप टाकला. तिलाही काळजी नाही, मलाही. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

पाट्या वाचायच्या कशा

हंगेरियन भाषा शेजारच्या देशांच्या भाषांशी जुळत नाही, म्हणून अंदाजाने अर्थ लागत नाही. उच्चार मात्र नियमाने चालतात. इंग्रजी ‘एस’ अक्षर एकटं आलं की ‘श’, ‘एस’ आणि ‘झेड’ जोडून आले की ‘स’. त्यामुळे तिथले लोक शहराला ‘बुदापेश्त’ म्हणतात. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. एवढं कळलं की ट्राममधली घोषणा आणि पाटीवरचं नाव जुळायला लागतं, आणि उतरायचं ठिकाण चुकत नाही. ‘तेर’ म्हणजे चौक, ‘उत्सा’ म्हणजे गल्ली, ‘हीद’ म्हणजे पूल.

दारावरचे शब्द अक्षरांवरून लक्षात ठेवा. ‘एच’ने सुरू होणारा ‘हूझ्नी’ म्हणजे ओढा, ‘टी’चा ‘तोल्नी’ म्हणजे ढकला. ‘बी’चा ‘बेयारात’ म्हणजे आत जायचा रस्ता, ‘के’चा ‘कियारात’ म्हणजे बाहेरचा. ‘झार्वा’ दिसलं की बंद. तुम्ही म्हणाल एवढं कशाला? अनोळखी जागी बंद दार ओढत उभं राहिलं की उगाच धास्ती वाटते. ती एका शब्दाने जाते.

सकाळ: बाजार आणि हिरवा पूल

माझं हॉटेल पेस्टमधल्या ओक्तोगोन चौकाजवळ होतं. तिथून पिवळी मेट्रो धरली. ही १८९६ साली सुरू झाली, लंडननंतर युरोपातली दुसरी. हंगेरियन लोक या प्रदेशात आले त्याला हजार वर्षं झाली म्हणून त्या वर्षी मोठा उत्सव होता, त्यासाठी दोन वर्षांच्या आत बांधलेली. रस्त्याच्या अगदी खाली आहे, थोड्या पायऱ्या उतरल्या की फलाट. पांढऱ्या फरशा, लोखंडी खांब, लाकडी चौकटीत लिहिलेली स्थानकांची नावं, लहानसे डबे. तीनच थांब्यांचा प्रवास होता, पण तुम्हाला गरज नसली तरी करा.

देआक चौकात वर येऊन ४७ किंवा ४९ नंबरची ट्राम घ्या आणि फ्योव्हाम चौकात उतरा. समोर मध्यवर्ती बाजार. १८९७ मध्ये उघडला, वास्तुकार शामू पेत्स. आत जायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छप्पर बघा. पिवळ्या, हिरव्या, तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी आहे, सतरंजीसारखी. ही कौलं पेच गावातल्या झोल्नाय कारखान्याची. कडाक्याच्या थंडीत तडकू नयेत अशी खास भाजलेली. मी वहीत त्या नक्षीचा एक तुकडा काढून घेतला. मग दिवसभर छपरं बघायचा नादच लागला, आणि तो नाद मला पुढे कुठे घेऊन गेला ते सांगतेच.

सकाळी आठच्या सुमाराला तिथे गावातले लोक भाजी घेत असतात, गर्दी नंतर वाढते. खाली लाल मिरचीच्या माळा, लोणच्यांच्या बरण्या, चीज, मांस. वरच्या मजल्यावर खाण्याच्या टपऱ्या आहेत, त्या मुख्यतः पर्यटकांसाठी. तरी मी तिथे लांगोश खाल्ला, कारण सकाळी पोट भरून घेणं महत्त्वाचं. तळलेली फुगीर पोळी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज. अर्धी संपवायलाही वेळ लागतो.

मी शाकाहारी आहे, म्हणून जेवणाचं इथेच सांगून टाकते. ‘हूश नेल्क्यूल’ म्हणजे मांसाशिवाय. नुसतं ‘भाजीचं आहे ना’ विचारून भागत नाही. बीन्सचं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्यात बहुतेक वेळा धूर दिलेलं डुकराचं मांस असतं. ‘पोगाचा’ नावाची छोटी खारी बिस्किटासारखी पाव असते, तिच्या एका प्रकारात चरबीचे तळलेले तुकडे घालतात, तेव्हा चीजची मागा. फ्योझेलेक म्हणजे घट्टसर शिजवलेली एकच भाजी, वाटाण्याची, पालकाची किंवा बटाट्याची. वर मांस हवं का विचारतात, नको म्हणायचं. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंड सूपही मिळतं.

बाजाराला लागूनच हिरवा लोखंडी पूल आहे, सबाद्शाग हीद, म्हणजे स्वातंत्र्य पूल. हाही १८९६ चा. सम्राट फ्रान्झ योझेफने त्याचं उद्घाटन केलं आणि आधी नावही त्याचंच होतं. खांबांच्या टोकांवर तुरुल नावाचा दंतकथेतला पक्षी पंख पसरून बसलाय. पुलाच्या मध्यापर्यंत चालत जा आणि उत्तरेकडे तोंड करून थांबा. डावीकडे गेलेर्त टेकडी आणि पुढे राजवाडा, उजवीकडे पेस्टचा सपाट काठ. दिवसभराचा नकाशा समोर उभा असतो. मी दहा मिनिटं थांबून कुठून कुठे जायचं ते डोळ्यांनी फिरवून घेतलं. मग त्याच काठावर परत आले.

ट्राम नंबर २

फ्योव्हाम चौकातून उत्तरेला जाणारी २ नंबरची ट्राम घ्या आणि डाव्या खिडकीशी बसा. नदी पूर्ण वेळ त्याच बाजूला असते. गाडी नदीकाठाने जाते, पलीकडे टेकडी, राजवाडा, साखळी पूल एकेक करून सरकत जातात. पर्यटकांची बोट याहून फार वेगळं काही दाखवत नाही. कोशुत चौकात उतरा.

समोर संसद भवन. लांबी २६८ मीटर, घुमट ९६ मीटर उंच. तो आकडा ८९६ या सालावरून, त्यांच्या पूर्वजांच्या आगमनाच्या वर्षावरून घेतलेला. शहरातल्या सेंट स्टीफन बॅसिलिका या मोठ्या चर्चचा घुमटही तेवढाच उंच. वास्तुकार इम्रे श्टाइंडलची दृष्टी काम चालू असतानाच गेली आणि इमारत पुरी झालेली त्याने पाहिली नाही. एकच तिकीट काढायचं ठरवलं होतं ते मी इथलं काढलं, आठवडाभर आधी, ऑनलाइन. तिथे गेल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. पासपोर्ट जवळ ठेवा. युरोपीय नागरिकांना दर कमी आहे, आपल्याला पूर्ण, तेव्हा निवडताना चुकीचा रकाना टिचकावू नका. फेरी पाऊण तासाची, ठरलेल्या भाषेच्या गटाबरोबर. घुमटाखाली जुना राजमुकुट आहे, वरचा क्रूस कललेला. तिथे फोटो काढू देत नाहीत. मला ते बरंच वाटलं. सगळे जण खरोखर बघत होते.

चौकातच समोर शेती मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या कमानींच्या भिंतीत धातूचे लहान गोळे बसवलेले दिसतील. २५ ऑक्टोबर १९५६ ला या चौकात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्या खुणा जपलेल्या आहेत. बहुतेक लोक संसदेकडे बघत त्यांच्याकडे पाठ करून उभे असतात.

बूट

संसदेच्या दक्षिणेला काही मिनिटांवर, अगदी पाण्याच्या कडेला, साठ जोड लोखंडी बूट आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना नदीच्या कडेला उभं करून गोळ्या घातल्या. आधी बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती. प्रेतं नदीत गेली. २००५ मध्ये ज्यान तोगाय या दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आणि शिल्पकार ज्यूला पाउएर यांच्या हातून हे स्मारक झालं.

जाताना मधला वाहता रस्ता दिव्यावरच ओलांडा. आणि इथे घाई करू नका. बूट त्या काळच्या घाटाचे आहेत: कामगाराचे जाडे, बायकांचे टाचेचे, टाच झिजलेले, एका बाजूला कललेले. मुलांचे पण आहेत. कुणी आत दगड ठेवतं, कुणी फूल, कुणी मेणबत्ती. मी एका लहान जोडाचं चित्र काढायला बसले आणि काढू शकले नाही. वही मिटून नुसती बसून राहिले. सोबत कुणी असतं तर मी काहीतरी बोलले असते. एकटी होते म्हणून गप्प राहता आलं. इथे बुटांत पाय घालून फोटो काढणारेही दिसतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, थोडं पुढे सरका.

दुपार: नदीखालून पलीकडे

आता लाल मेट्रो. कोशुत चौकातून बात्यानी चौक, फक्त एक थांबा, पण तो डॅन्यूबच्या खालून जातो. मेट्रो खोल आहे, सरकते जिने लांब आणि आपल्या अंदाजापेक्षा वेगाने चालतात. पाय ठेवण्याआधी हात कठड्यावर ठेवा आणि उजवीकडे उभे राहा. वर आलात की संसद समोर, पाण्यापलीकडे. जवळून जी इमारत नजरेत मावत नाही, ती इथून पूर्ण दिसते.

मी जेवायला इथे, चौकाच्या मागच्या गल्लीत बसले, साडेबारालाच. लवकर गेलं की एकट्या माणसालाही खिडकीजवळची जागा सहज मिळते. बिलाबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. माझं बिल ४१०० फोरिंट झालं, मी ५००० ची नोट दिली आणि सवयीने ‘क्योस्योन्योम’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं. वेटर खुशीने मान हलवून निघून गेला. नोट देताना धन्यवाद म्हटलं की उरलेले ठेवून घ्या असा तिथे अर्थ होतो. त्याची काही चूक नव्हती. उरलेले परत हवे असतील तर ते हातात येईपर्यंत धन्यवाद म्हणू नका. शिवाय बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं आहे का तेही बघा.

जेवणानंतर नदीकाठाने दक्षिणेला दहा मिनिटं चाललं की सिलाद्यी देझ्यो चौक येतो. मार्गदर्शक पुस्तकं इथे सहसा थांबवत नाहीत, पण माझ्यासाठी दिवसातली सगळ्यात जवळची जागा हीच. ३० जानेवारी १९१३ ला या चौकातल्या ४ क्रमांकाच्या इमारतीत अमृता शेरगिल यांचा जन्म झाला. आई हंगेरियन गायिका, वडील उमरावसिंह शेरगिल. वयाची पहिली आठ वर्षं त्या हंगेरीत होत्या. दरवर्षी मी मुलांना त्यांची चित्रं दाखवते, ते मातकट लाल आणि तपकिरी रंग, गप्प बसलेल्या बायका. ती मुलगी याच पाण्यावरचा उजेड बघत असेल असा विचार करत मी समोरच्या बाकावर अर्धा तास बसले. आणि मान वर केली तर चौकातल्या चर्चचं छप्पर रंगीत कौलांचं. हे चर्चही शामू पेत्सचंच, सकाळच्या बाजाराच्या आसपासच्याच वर्षांत बांधलेलं. सकाळी वहीत काढलेल्या तुकड्याशेजारी मी हाही तुकडा काढला.

किल्ल्याची टेकडी

तसंच पुढे चालत क्लार्क आदाम चौकात या. ज्या आदाम क्लार्कने साखळी पुलाच्या बांधकामावर देखरेख केली त्याचं नाव. वर जायला दोन वाटा आहेत. रुळांवरून चढणारा १८७० चा छोटा डबा देखणा आहे, पण तिथे २४ तासांचं तिकीट चालत नाही आणि रांग लांब असते. १६ नंबरची बस तुमच्या तिकिटात वर नेते. मी बस घेतली. बसच घ्या. गुडघे शाबूत असतील तर पायऱ्या उतरताना वापरा.

वर मॅथियास चर्च, छप्पर पुन्हा झोल्नाय कौलांचं. १५४१ मध्ये बुडा तुर्कांकडे गेलं, तेव्हा या चर्चची मशीद झाली, १६८६ पर्यंत. शेजारचा मच्छीमारांचा बुरूज दिसतो तेवढा जुना नाही, फ्रिज्येश शुलेकने १८९५ ते १९०२ मध्ये बांधलेला. सात मनोरे या प्रदेशात आलेल्या हंगेरियन लोकांच्या सात टोळ्यांचे. वरच्या सज्ज्यांना तिकीट आहे, खालचे फुकट आणि दृश्य जवळजवळ तेच. फोटो हवा असेल तर गळ्यात मोठा कॅमेरा असलेल्या माणसाला विचारा, तो चौकट नीट धरतो. आधी तुम्ही त्यांचा काढून द्या, मग अवघडलेपण राहत नाही. दगडी रस्ते ओबडधोबड आहेत, चपटे आणि जुने झालेले बूटच घाला.

राजवाड्यातलं कलादालन मी सोडलं. चित्रकलेची शिक्षिका असून सोडलं आणि ते बरोबर होतं. चार वाजता थकलेल्या डोळ्यांनी चित्रं बघणं हा चित्रांवर अन्याय आहे. गरम पाण्याची स्नानगृहंही सोडली. १९१३ चं सेचेनी स्नानगृह सुंदर आहे म्हणतात, लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात, पण तीन तास आणि ओले कपडे यांचा हिशोब एका दिवसात बसत नाही. तुमची ओढ तिकडे असेल तर किल्ला सोडा, दोन्ही कोंबू नका.

संध्याकाळ

सप्टेंबरअखेर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी पायऱ्यांनी खाली उतरा, १९ किंवा ४१ नंबरची ट्राम घ्या आणि पुन्हा बात्यानी चौकात या. सकाळपासून पाठीशी, समोर, बाजूला असलेली संसद आता उजळते. दिवे एकदम लागत नाहीत, थोडे थोडे वाढत जातात. नदीत सोनेरी पट्टा हलतो. चौकात घरी जाणारी माणसं, दुकानं, मेट्रोचं तोंड, सगळं जवळ असल्यामुळे अंधारातही एकटीला अवघड वाटलं नाही. पाकीट मात्र पिशवीत आत ठेवा. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढू नका, सायकली वेगात येतात. मग लाल मेट्रोने देआक चौक, तिथून पिवळी, आणि आठच्या आत मी खोलीवर होते.

आणि ती सात चाळीसची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यापर्यंत तिकीट चालू असतं. मुलीला सहालाच उठवलं, सात वाजता आम्ही फ्योव्हाम चौकात २ नंबरच्या ट्राममध्ये बसलो, तिला डावी खिडकी दिली. साखळी पुलाच्या थांब्यावर उतरलो तेव्हा साडेसात वाजले होते. पूल १८४९ मध्ये खुला झाला, १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी उडवला, १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. तो चालत ओलांडायचा राहिला होता. पलीकडे पोहोचेपर्यंत तिकीट संपलं. मग तिला सिलाद्यी देझ्यो चौकात नेलं आणि ते छप्पर दाखवलं.